करालासुराची बढती

चांगलं कोण आणि वाईट कोण, हे माणसाला लहानपणीच शिकवून ठेवावं लागतं, कारण मोठेपणी ते कळेलच याची खात्री नसते. पूर्वी या कामावर आईवडील नेमलेले असत. पुढे आईवडिलांना इतर कामं निघाली आणि ही जबाबदारी डायनासोरांकडे आली.

डायनासोर या कामाला सर्वांत योग्य प्राणी आहे, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. एक तर तो हयात नाही, त्यामुळे मानधन मागत नाही, आणि त्याची कितीही बदनामी केली तरी कुणा डायनासोराचे नातेवाईक दारात येऊन उभे राहत नाहीत. दुसरं म्हणजे तो मुळातच दिसायला भयंकर. त्यामुळे यातला चांगला कुठला हे कुणीतरी सांगावंच लागतं, आणि सांगणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय होते. (आधी मांजरांची मालिका करून पाहिली होती. पण मांजर परोपकारी असतं हे मुलांनी मान्य केलं नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मांजर होतं.)

तर बोलणाऱ्या डायनासोरांची ही कार्टून मालिका रोज संध्याकाळी, मुलं गृहपाठाला बसायच्या मुहूर्तावर लागे. तिच्यात दोन टोळ्या होत्या. चांगल्यांची नावं 'सोर'ने संपत: शौर्यसोर, धैर्यसोर आणि गदासोर. वाईटांची 'असुर'ने संपत, म्हणजे प्रेक्षकाला नाहक डोकं चालवावं लागू नये. चांगले निळे होते. वाईटांचा म्होरक्या करालासुर जांभळा होता, त्याच्या पाठीवर काटे होते आणि दात इतके बाहेर आलेले की तोंड मिटलं तरी निम्मे बाहेरच राहत.

या करालासुराला आवाज देणाऱ्या गृहस्थांना स्टुडिओत सगळे वाईटकाका म्हणत. माणूस म्हणाल तर लोण्याहून मऊ. दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणता येत नसे, म्हणून त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तीन व्हॅक्यूम क्लीनर होते. पण गळा वाटताना देवाच्या हातून काहीतरी घोटाळा झाला होता. लिफ्टमध्ये त्यांनी "कितवा मजला?" एवढंच विचारलं तरी लोक पुढच्याच मजल्यावर उतरत आणि उरलेला जिना पायी चढत. फोनवर "हॅलो" म्हटलं की समोरचा आधी माफी मागे, आणि आपण फोन कुणाला लावला होता हे मग आठवे. असल्या गळ्याने अंगाई म्हणता येत नाही, म्हणून वाईटकाका गेली कित्येक वर्षं दुष्टपणावर पोट भरत होते. राक्षस झाले, दरोडेखोर झाले, एकदा तर टूथपेस्टच्या जाहिरातीत दाढेतला किडा झाले.

घरी बायको आणि पहिलीतली मुलगी. पोरीला तान्हेपणी वरचे दोन दात सगळ्यांत आधी आले, तेव्हापासून तिचं नाव खारू पडलं. खारूवर बापाचा जीव होता. आणि बापाच्या जिवाला एकच घोर होता, तो म्हणजे खारूच्या शाळेतला पालकांचा तास.

दर शनिवारी शेवटच्या तासाला कुणातरी मुलाची आई किंवा बाबा वर्गात येत आणि आपण काय काम करतो ते सांगत. आग विझवणारे बाबा येऊन गेले; त्यांचं हेल्मेट वर्गभर डोक्याडोक्यावरून फिरलं. बेकरीवाली आई येऊन गेली. तिच्याबद्दल मुलं अजूनही आदराने बोलत. विमा विकणारे बाबा तर दोनदा आले, त्यातलं एकदा न बोलावता. वाईटकाकांना मात्र बोलावणं नव्हतं. मुलं घाबरतील, असं वर्गाच्या बाईंचं म्हणणं होतं. खारूनेही त्यावर आपल्या परीने तोड काढली होती. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, असं तिने वर्गात सांगून टाकलं होतं.

हे घरी कळलं ते फार वाईट रीतीने. शेजारच्या इमारतीतली लिफ्ट अडकली, आत माणसं, आणि खारूच्या वर्गातल्या कुणाच्यातरी आईने भरवशाने वाईटकाकांनाच बोलावणं पाठवलं. नाही म्हणता येत नाही, त्यामुळे ते गेले. बंद दाराला तोंड लावून त्यांनी आतल्या लोकांना धीर दिला, "घाबरू नका." आतले लोक तोवर घाबरलेले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी पोरीला विचारलं, "खारू, मी लिफ्ट दुरुस्त करतो असं का सांगितलंस गं?"

खारू बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग काय सांगू? तू रोज संध्याकाळी हरतोस."

वाईटकाकांना ते लागलं. चांगलंच लागलं. बायको म्हणाली, "अहो, लहान आहे ती, मनावर कशाला घेता?" पण बायका म्हणतात म्हणून मन ऐकतं असं नाही. आयुष्यात एकदा तरी त्या वर्गात आपल्याला बोलावणं यावं, आणि सगळ्या मुलांसमोर उभं राहून आपल्या लेकीने "हे माझे बाबा" म्हणावं, एवढीच इच्छा त्यांच्या मनात घर करून बसली. इच्छा फार मोठी नव्हती. विमावाल्याला हे न मागता मिळालं होतं.

नेमक्या याच सुमारास वाहिनीने 'बालमन संवर्धन व दुष्परिणाम निवारण समिती' स्थापन केली. तिच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका अध्यक्षा होत्या, एक मानसशास्त्राचे गृहस्थ होते आणि एक दातांचे डॉक्टर होते. (मालिकेत दात फार दिसत. डॉक्टरांचा पहिलाच अहवाल असा होता की नायकांचे आणि खलनायकांचे दाखवायचे दात वेगळे असले तरी खायचे सारखेच आहेत. हा अहवाल समितीने दाखल करून घेतला आणि पुन्हा उघडला नाही.)

समितीने आधी पाहणी केली. शंभर मुलांतली एक्क्याऐंशी मुलं खेळताना खलनायकाची नक्कल करतात, असं आढळून आलं. उरलेली एकोणीस पाहणीच्या वेळी झोपली होती. परंतु त्यांच्या घोरण्याचा एकंदर सूर पाहता त्यांचाही कल तिकडेच असावा, असं समितीने नमूद केलं. आता मुलं जर खलनायकाचंच बघून वागणार असतील, तर खलनायकाचं वागणं सुधारलं पाहिजे, हे ओघानेच आलं. एवढा साधा विचार आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता, यावरूनच समित्या किती गरजेच्या असतात ते दिसतं.

त्यानुसार नियम झाले. खलनायकाने खोटं बोलू नये. मारू नये, ढकलू नये, चावू नये. ओरडू नये. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडू नये. खाण्याच्या उद्देशाने कुणाकडे पाहू नये. आणि कुणालाही अरे-तुरे करू नये. लहानथोरांना, अंड्यातल्या पिल्लांनासुद्धा, 'आपण' म्हणावं. अपवाद फक्त समोरचा अगदीच बावरलेला असेल तेव्हाचा. अशा वेळी प्रेमाने एकेरीत बोललेलं चालेल.

नायकांसाठी एकही नियम करावा लागला नाही. नायक मुळातच चांगला असतो. नसता तर त्याला नायक कशाला केला असता? गदासोर कुणाच्याही डोक्यात शेपूट घालायचा, परंतु घालण्यापूर्वी "सर्वांच्या भल्यासाठी!" असं म्हणायचा. हे वाक्य फटक्यानंतर म्हटल्यास ती हिंसा होते आणि आधी म्हटल्यास मूल्यशिक्षण, असा खुलासा मानसशास्त्राच्या गृहस्थांनी केला आणि सभा चहापाण्यासाठी थांबली.

मालिकेचे संवाद लिहिणारी बाई जरा फटकळ होती. तिने बैठकीत हात वर करून विचारलं, "पण मग हा वाईट करणार काय?"

अध्यक्षाबाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "अहो, तो वाईट आहे ना? मग त्याने आणखी वाईट काही करायची गरजच काय?"

इथे एक अडचण होती, ती सांगितली पाहिजे. मालिकेची चित्रं दूरच्या कुठल्याशा कंपनीकडून तयार होऊन येत. करालासुर जबडा वासतो, पंजा उगारतो, कुणावर झेप घेतो, हे सगळं आधीच चितारलेलं. चित्र बदलायला खर्च येतो, शब्द बदलायला येत नाही. म्हणून शब्द बदलायचे ठरले. आता डबिंगचा धंदा असा आहे की पडद्यावरचं तोंड जितक्या वेळा उघडेल तितकीच अक्षरं माणसाने बोलायची. एक कमी नाही, एक जास्त नाही. तेव्हा वाक्य सभ्य तर हवं, पण लांबीला दुष्ट वाक्याएवढंच हवं.

संवादलेखिका कपाळाला हात लावून बसली, मग पेन्सिल घेऊन बसली, आणि बघता बघता तिचा हात बसला. "मी तुला खाऊन टाकीन" होतं, तिथे "मी तुला जेवू घालीन" आलं. "पळा, नाहीतर मराल" होतं, तिथे "बसा, थोडं पाणी घ्याल?" आलं. आणि करालासुर कोपऱ्यात सापडलेल्या एका थरथरत्या पिल्लावर वाकून, दात विचकून म्हणायचा, "सापडलास, मी चावतो." तिथे लिहिलं गेलं, "सावकाश बोल, मी थांबतो." जबडा तसाच, लाळ तशीच, पिल्लाचं थरथरणंही तसंच.

काचेच्या त्या बाजूला बसलेला रेकॉर्डिस्ट पहिल्या दिवशी इतका हसला की तीन टेक वाया गेले. वाईटकाका मात्र हसले नाहीत. फोम लावलेल्या त्या बारक्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, ते ही वाक्यं अगदी मनापासून म्हणत होते. जन्मभर या गळ्यातून शिव्याशाप काढले होते. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना घरात बोलतात तसं बोलायला सांगत होतं, आणि वर पैसे देत होतं.

भाग लागला. टीव्हीवर दिसलं ते असं: घरट्यात अंडी आहेत. झाडीतून करालासुर येतो, डोळे लाल, पंजे वर. अंड्यांवर वाकतो आणि ढगासारखा गडगडतो, "गार वारा सुटला आहे, आपण सर्वांनी पांघरूण घ्यावं." इतक्यात आभाळातून शौर्यसोर झेपावतो, मागून गदासोर, "सर्वांच्या भल्यासाठी!", आणि करालासुर कड्यावरून उकळत्या लाव्ह्यात. पडता पडता त्याचं तोंड दोनदा उघडत होतं. तिथे पूर्वी "बघीन!" असायचं. आता तो म्हणाला, "येतो!"

घराघरात पोरं रडली. समितीने हे रडणं वाईटाचा नाश झाल्याच्या समाधानाचं म्हणून नोंदवलं.

पुढे जे झालं त्याचा दोष कुणाला द्यावा हे अजून ठरायचं आहे. मुलं आपल्या सवयीप्रमाणे खलनायकाची नक्कल करू लागली. पाहणीत तसं आलंच होतं. समितीचा हिशेब इतका तंतोतंत बरोबर निघेल असं समितीलाही वाटलं नव्हतं.

वाईटकाकांनी त्याचा पुरावा आपल्याच जिन्यात पाहिला. खालच्या मजल्यावर खारूच्या वर्गातलीच एक मुलगी राहत होती. पोरगी हुशार, पण बोलताना अडखळायची. एका शब्दाच्या दारात चार-चार वेळा धडका द्यायच्या, तेव्हा कुठे तो उघडायचा. त्यामुळे तिच्याशी बोलायला कुणाला सवड नसे. मुलंच कशाला, मोठी माणसंही तिचं वाक्य तिच्या आधी पुरं करून पुढे निघून जात, आणि आपण मदत केली असं समजत. त्या संध्याकाळी काका कामावरून परतत होते. वळणावर त्यांना खारू दिसली. पायरीवर बसली होती, हनुवटी गुडघ्यावर, आणि समोर ती मुलगी उभी राहून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. शब्द येईना. पोरीचे कान लाल झाले.

खारूने आपला चिमुकला आवाज जमेल तितका खाली नेला, दोन दात बाहेर काढले आणि म्हणाली, "सावकाश बोल, मी थांबतो."

ती मुलगी हसली. मग तिने सांगितलं, सगळं सांगितलं. एका पडलेल्या दाताची गोष्ट होती आणि ती चांगली लांबली. काका खालच्या पायरीवर हातातली पिशवी धरून उभे राहिले, मध्ये जायचं धाडस त्यांना होईना. वर गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, आपली खारू माझ्यासारखं बोलत होती." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. बायकोने डोळे पुसायला फडकं दिलं आणि विचारलं, "शाळेतून काही निरोप?" निरोप नव्हता. वर्गात बाबा अजून लिफ्टच दुरुस्त करत होते.

इकडे वाहिनीकडे तक्रारींचा पाऊस सुरू झाला. पालक खवळले होते आणि त्यांचं बरोबरच होतं. मूल बिघडतं तेव्हा आधी आईबापांनाच झळ लागते. वाहिनीने मोठं सभागृह घेऊन पालकांची सभा बोलावली. वाईटकाकाही मागच्या रांगेत जाऊन बसले.

एक बाप उठला. म्हणाला, माझा मुलगा 'का' असं विचारतो. अध्यक्षाबाई म्हणाल्या, सगळीच मुलं विचारतात. तो म्हणाला, सगळी विचारतात आणि खेळायला पळतात, हा उत्तर मिळेपर्यंत थांबतो. सभागृहात खळबळ उडाली. दुसऱ्याने सांगितलं, मी पोरावर ओरडलो की तो म्हणतो, बाबा, बसा, थोडं पाणी घ्याल? असं झाल्यावर माणसाने ओरडायचं कसं? एका आईची मुलगी परीक्षेत शेजारणीला म्हणाली होती की आधी आपलं होऊ द्या, आणि त्यात तिचे स्वतःचे गुण गेले होते. एका घरात आजोबांनी बोलायला सुरुवात केली आणि नातवंडाने ते शेवटपर्यंत ऐकलं. आता आजोबा रोज बोलतात. एक गृहस्थ तर उभे राहूनही काही बोलू शकले नाहीत. त्यांच्या मुलाने त्यांना सगळ्या पाहुण्यांदेखत 'आपण चुकलात, पण हरकत नाही' असं म्हटलं होतं.

सगळ्यांत गंभीर तक्रार खेळणी विकणाऱ्या कंपनीची होती. गदासोराची रबरी शेपूट गोदामात पडून होती. तिने मारण्यासारखं कुणी मुलांना सापडेना. करालासुराचं काही काढावं, तर त्याचं असं काय होतं? 'आभारी आहे' खोक्यात घालून विकता येत नाही. (प्रयत्न झाला होता. खोकं रिकामं असल्याच्या तक्रारी आल्या.)

करालासुराला मारून टाका, असं काही पालकांनी सुचवलं. पण तो रोजच मरत होता आणि त्याने तो आणखी लाडका होत होता. तेव्हा अध्यक्षाबाई उठल्या. मोठी माणसं अशा वेळी ओळखू येतात. त्या म्हणाल्या, "तो वाईट आहे म्हणून चांगला वागतो. त्याला चांगला करा, म्हणजे ही कटकट संपेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते म्हणजे वाईटकाकांचाही हात वर होता. शेजारच्या बाईने आग्रह केला आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही.

अशा रीतीने करालासुर करालसोर झाला. रंग जांभळ्याचा निळा करण्याएवढा खर्च खेळण्यांच्या कंपनीने सोसला. नियम तर नायकांना लागू नव्हतेच. संवादलेखिकेने नवी वाक्यं आणून काकांसमोर ठेवली तेव्हा ती त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. "ठेचा त्याला," होतं. "गप्प बस, मी सांगतो तेच खरं," होतं. "सर्वांच्या भल्यासाठी," तर पानोपानी होतं.

वाईटकाकांनी पानं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "मला हे जमेल असं वाटत नाही हो."

ती म्हणाली, "काका, जन्मभर हेच तर केलंत."

"तेव्हा मी वाईट होतो. तेव्हा मुलांना कळत होतं की असं बोलायचं नसतं."

रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हात थांबवला. काका कानावरचा हेडफोन काढून ठेवणार, नको म्हणणार, आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणणार, इतक्यात खिशात फोन वाजला. शाळेतून होता. बढतीची बातमी वर्गापर्यंत पोचली होती. बाई म्हणाल्या, अहो, येत्या शनिवारी पालकांच्या तासाला तुम्हीच या. मुलांनी अगदी धरणं धरलंय. खारूने तर आत्ताच सगळ्यांना सांगून टाकलं की बाबा लिफ्टचं काम फक्त छंद म्हणून करतात.

काकांनी फोन ठेवला, हेडफोन पुन्हा कानावर चढवला आणि छाती भरून श्वास घेतला. पहिल्याच टेकमध्ये काम झालं. ठेवणीतला गळा होता, त्यात कसर कशी राहील.

पुढचे दिवस सुधारणेचे होते. मुलं पूर्ववत आरडाओरड करू लागली आणि आईबापांना पूर्ववत ओरडता येऊ लागलं. प्रश्न विचारून झाला की मुलं पळू लागली. आजोबा गप्प झाले. रबरी शेपट्या गोदामातून निघाल्या त्या थेट शेजारच्या मुलांच्या पाठीवर. दातांच्या डॉक्टरांनी समितीचा राजीनामा दिला, कारण त्यांच्या दवाखान्यात गर्दी वाढली.

शनिवार उजाडला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोने कॉलर नीट केली आणि म्हणाली, "अहो, जरा हळू बोला तिथे." फळ्यावर रंगीत खडूने 'करालसोरांचे स्वागत' असं लिहिलं होतं. मुलांनी शेपट्या बांधल्या होत्या. बाकांच्या रांगेतून खारू पुढे आली, वर्गाकडे तोंड करून उभी राहिली, आणि काकांचं बोट घट्ट धरून म्हणाली, "हे माझे बाबा. हे आता हरत नाहीत."

काकांना गहिवरून आलं. त्यांना वाटलं, मिळवलं. एवढ्यासाठी माणसाने काय काय करू नये?

मुलांनी प्रश्न विचारले. तुम्ही जोरात मारता की गदासोर? लाव्हा खरा असतो का? तुम्ही आमच्या मुख्याध्यापकांना उचलून फेकू शकाल का? (हा प्रश्न बाईंनी विचारायला सांगितला नव्हता, पण मागेही घ्यायला लावला नाही.) मग शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. खालच्या मजल्यावरची ती मुलगी उभी राहिली होती.

"का... का... काका," ती म्हणाली, "तु... तु... तुम्ही आ... आ..."

वर्गात चुळबुळ झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आणि काकांच्या शेजारी उभ्या असलेल्या खारूने एक पाऊल पुढे टाकलं, शेपूट उचलली आणि तिच्याकडे रोखून म्हणाली, "गप्प बस गं, किती वेळ! सर्वांच्या भल्यासाठी!" तिच्यामागून अख्खा वर्ग ओरडला, "सर्वांच्या भल्यासाठी!" शेपट्या बाकांवर आपटू लागल्या. मग सगळी तोंडं काकांकडे वळली, डरकाळीसाठी.

काकांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण खारू वर बघत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की आजवर त्यांनी तो तसा पाहिला नव्हता, आपल्यामुळे तर कधीच नाही. त्यांनी ओठांवरचं गिळलं, छाती भरली आणि डरकाळी फोडली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ती मुलगी खाली बसली.

त्यानंतर सगळं उत्तम झालं. टाळ्या थांबेनात. बाईंनी कुंडीतलं रोप दिलं, सर्वांसोबत फोटो झाला. घंटा झाल्यावर खारू बाबांचं बोट धरून वाटेत भेटेल त्याला सांगत निघाली, बेकरीवाल्या आईला तर तिने दुकानात शिरून सांगितलं. विमावाले बाबा काकांना फाटकापाशी भेटले आणि त्यांनीसुद्धा अभिनंदन केलं. घरी बायको दारातच उभी होती. बापलेकीचे चेहरे बघून तिने काही विचारलं नाही. त्या दिवसापासून खारूने लिफ्टचं नाव काढलं नाही. एका बापाची इच्छा पुरी झाली. असे गोड शेवट हल्ली दुर्मिळ झाले आहेत, आणि याचं श्रेय समितीला दिलंच पाहिजे.

त्या मुलीला काय विचारायचं होतं, ते काही कळलं नाही. बाईंनी विचारलं नाही, कारण घंटा व्हायची वेळ झाली होती. काकांनी विचारलं नाही, कारण लेक खूश होती. आणि तुम्हीही, खरं सांगा, तिचं वाक्य अर्धं राहिलं तिथे थांबला नाहीत, सरळ इथवर आलात. शेवट काय होतो ते बघायचं होतं ना.